चेरी टोमॅटोच्या बादलीतली काठी

मी काठी बोलतेय. हो, इकडे. वारूळवाडीत, भागुजींच्या अंगणात, रंगाच्या रिकाम्या बादलीत जे टोमॅटोचं झाड आहे ना, त्याला टेकू देऊन उभी आहे ती मीच. उंची कमरेएवढी, रंग गेलेला, वरचं टोक चिरलेलं. अंगणात येणारा प्रत्येक माणूस आधी झाडाकडे बघतो, मग तोंड वाकडं करतो आणि मग सल्ला देतो. माझ्याकडे कुणी बघत नाही. बरंच आहे ते. बघितलं असतं तर मलाही सल्ला दिला असता.

आज बोलायला बसलेय, कारण माझं डोकं फिरलंय. काठीला डोकं असतं का, असं विचारू नका. चिरलेलं का होईना, वरचं टोक आहे तेच माझं डोकं, आणि ते चांगलंच फिरलंय.

माझा जन्म घाटाखालचा. तिथल्या बांबूच्या बेटात आम्ही सगळ्या बहिणी दाटीवाटीने वाढलो. एक दिवस कोयता आला, आम्हाला तोडून ट्रकमध्ये रचलं आणि माळशेज चढवून नारायणगावच्या रस्त्याकडेला ढिगात आणून टाकलं. भागुजींनी तिथे आम्हाला एकेकीला उचलून जमिनीवर आपटून पाहिलं. जी वाजली ती घेतली, जी पिचली ती परत फेकली. मी वाजले. तेव्हा मला त्याचा कोण अभिमान वाटला होता! पुढे काय वाढून ठेवलंय हे कळलं असतं तर मी मुकाट्याने पिचले असते.

घरी आणून त्यांनी माझ्या खालच्या अंगाला टोक काढलं, पहारीने खड्डा केला आणि मला रानात रोवलं. तुमच्यापैकी ज्यांनी टोमॅटो फक्त बाजारात पाहिलाय त्यांना सांगते. आमच्याकडे तारकाठी करतात. म्हणजे ओळीने काठ्या उभ्या करायच्या, त्यांच्यावरून तार ओढायची आणि वाढत्या झाडाला सुतळीने तारेला बांधायचं. झाडाला फळं लागली की सगळा भार आमच्या अंगावर येतो. पाऊस आला, वारा आला तरी आम्ही वाकायचं नाही. फळं तोडून कॅरेटमध्ये भरतात, कॅरेट बाजारात जातात आणि हंगाम संपला की आम्हाला उपटून, जुडी बांधून गोठ्याच्या भिंतीला उभं करतात. पुन्हा पुढच्या हंगामाला हजर.

या कामाची माझी तक्रार नाही. माझी तक्रार पंपाची आहे.

पाठीवर पंप घेतलेला माणूस ओळीतून चालायला लागला की पानं भिजायची, फळं भिजायची आणि मी तर नखशिखान्त भिजायचे. कधी दुधी पाणी, कधी पिवळं, कधी नुसता नाकात झोंबणारा वास. इथे त्याला औषध म्हणतात. झाड आजारी असलं तरी मारतात, आजारी पडू नये म्हणूनही मारतात आणि शेजाऱ्याने मारलं म्हणूनही मारतात. फळं निदान बाजारात निघून जातात. मी तिथेच उभी. इतक्या वर्षांत माझ्या अंगात जेवढं मुरलंय तेवढं कुठल्या टोमॅटोत मुरलं नसेल.

शिवाय दर हंगामात मातीत गाडलेलं माझं टोक कुजायचं. मग भागुजी कुजलेला तेवढा तुकडा छाटायचे, नवं टोक काढायचे आणि मला पुन्हा रोवायचे. असं करता करता मी आखूड होत गेले. शेवटी तारेपर्यंत पोचेना, तेव्हा मला बाजूला काढलं. मग मी म्हशीला हाकायला, गटारीत अडकलेला पाला ढकलायला आणि कुत्र्याला धाक दाखवायला लागले. उतारवयात माणसाचं होतं तसंच माझं झालं.

पण त्याआधी, मी रानात उभी असतानाच, एक गोष्ट घडली. स्वप्ना या घरात नवीन होती तेव्हाची ती गोष्ट.

स्वप्ना म्हणजे भागुजींची सून, रविंद्रची बायको. माहेर शिनोलीचं. तिकडे भाताची खाचरं आणि परसात काकडीचे वेल. सासऱ्यांना ती मामा म्हणते, सासूला आत्या. लग्नानंतर फळांचा पहिलाच तोडा होता, तेव्हा ती हौसेने रानात आली होती. बायकांच्या बरोबरीने ओळीत शिरली आणि माझ्या शेजारच्या झाडावरचा एक लालबुंद टोमॅटो तोडून, ओढणीला पुसून, तिने सरळ तोंडात घातला.

बांधावरून भागुजी ओरडले, "थुक! थुक आधी! कालच मारलंय!"

ओळीतल्या सगळ्या बायका हसल्या. स्वप्नाने थुंकलं, ठिबकच्या नळीला तोंड लावून चूळ भरली. चेहरा त्या टोमॅटोइतकाच लाल झाला होता. भागुजी काही वाईट माणूस नाहीत. घाबरून ओरडले बिचारे. पण ओरडले ते चारचौघांत.

दुपारी भाकरी खायला बसल्यावर स्वप्नाने सासूला, म्हणजे केशरबाईंना, हळूच विचारलं, "आत्या, आपल्याच रानातलं आपणच खायचं न्हाई?"

"खायचं की. धुऊन, चिरून, शिजवून खायचं," केशरबाई म्हणाल्या. "तोडलं की तोंडात घालायचं दिस गेलं आता."

"शिनोलीला मी काकडी येलावरच खायचे."

"मी बी खायचे बाई," केशरबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

एवढंच बोलणं झालं. पण ते स्वप्नाच्या मनातून गेलं नाही हे मला नंतर कळलं. या पोरीला काही दागिना नको होता, काही नाही. घरातलं एक तरी झाड असं असावं, की ज्याचं फळ तोडावं आणि तिथल्या तिथे खावं. एवढी साधी गोष्ट. आणि एवढ्या साध्या गोष्टीसाठी या घराने, या गावाने आणि मी पाहिलेल्या प्रत्येक शहाण्या माणसाने तिला जो त्रास दिला तो ऐका.

झालं असं, की तिची बहीण प्रज्ञा पुण्यात नोकरीला असते. स्वप्ना तिच्याकडे गेली होती तेव्हा ताटात छोटे छोटे टोमॅटो आले. बोराएवढे. चेरी टोमॅटो. स्वप्नाने एक खाल्ला आणि दुसरा खायच्या आधी विचारलं, याचं बी मिळतं का? प्रज्ञाने पुडी आणून दिली. हे सगळं मी स्वप्नाच्या तोंडून ऐकलंय. ती झाडाशी बोलते, आणि झाडाला टेकलेल्या काठीला कान झाकता येत नाहीत.

तिने चहाच्या कागदी कपांत बी टाकलं. रंगाची बादली घेऊन तापलेल्या सळईने तिच्या बुडाला भोकं पाडली. माती मात्र रानातली घेतली नाही. भावाच्या टेम्पोतून शिनोलीची गोणीभर माती आणि शेणखत मागवलं. त्यावर भागुजी महिनाभर हसत होते.

"माहेरनं माती? आमच्या वारूळवाडीत माती न्हाई व्हय?"

"हाय की मामा. पण त्या मातीला औषधाचा वास हाय."

"आन् दारात एवढं रान टोमॅटोचं असताना बादलीत टोमॅटो! लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणायचे ते म्हणालेच. पण मला वेगळंच सांगायचंय. झाडाला टेकू हवा म्हणून स्वप्नाने गोठ्यामागून मला उचललं. अंगाला चिकटलेल्या सुतळीच्या जुन्या गाठी कापल्या. मग मला दगडावर आडवं ठेवून राखेने घासलं, साबणाने घासलं, भरपूर पाण्याने धुतलं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. परत आणून परत धुतलं. नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाली, "आता झाली स्वच्छ."

मला जन्मात कुणी धुतलं नव्हतं. काठीला कोण धुतंय? आपल्या अंगाला स्वतःचा म्हणून एक वास असतो हे मी विसरूनच गेले होते. त्या दिवशी मला बेटातला वास आला, ओल्या बांबूचा. मी मनाशी ठरवलं, या झाडासाठी वाकायचं नाही.

झाड लागलं, वाढलं, माझ्या खांद्यापर्यंत आलं. पिवळी फुलं आली. मग फळांच्या माळा लोंबायला लागल्या. हिरवी, गोल, बोराएवढी फळं. आणि बोराएवढीच राहिली. राहणारच! ती जातच तेवढी.

इथून माझ्या वैतागाला सुरुवात झाली. तुम्हाला आमचा मुलूख माहीत नसेल. इथे दर दुसरा माणूस टोमॅटोचा डॉक्टर आहे. पान हातात घेऊन रोग सांगतील, देठ मोडून खत सांगतील. मोठ्या टोमॅटोची सगळी दुखणी यांना पाठ. त्यामुळे टोमॅटो छोटा दिसला म्हणजे तो दुखणेकरीच, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

पहिले आले गेणभाऊ. शेजारचं रान त्यांचं. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन जाताना आमच्या दारात थांबायची त्यांची सवय.

"फुगवण थांबलीय ह्याची," ते म्हणाले.

"भाऊ, ही जातच बारकी हाय," स्वप्ना म्हणाली.

"जात बारकी? पोरी, टोमॅटोत माझी हाडं झिजली. फळ फुगत न्हाई म्हंजी खत कमी पडतंय."

"पाकिटावर लिव्हलंय भाऊ. एवढंच व्हतं ते."

"पाकिटावर काय, काय बी लिव्हत्यात."

दुसऱ्या दिवशी ती पाणी भरायला गेली असताना गेणभाऊंनी खिशातून मूठभर खत काढून बादलीत टाकलं आणि मोठं पुण्य केल्यासारखे निघून गेले. एकरात टाकायचं खत एका बादलीत! तीन दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि फळं तडकायला लागली. स्वप्ना दिवसभर बादलीत पाणी ओतून खत धुऊन काढत होती. गेणभाऊ पुन्हा आले, तडकलेली फळं पाहून म्हणाले, "बघ, फुगायला लागलं का न्हाई?"

मला हात असते तर! जाऊ द्या.

मग भागुजींची पाळी आली. एका सकाळी ते झाडाजवळ उकिडवे बसले, माळ हातात घेतली, पानं उलटी करून पाहिली.

"स्वप्ना, ह्यो व्हायरस हाय. उपट हे झाड."

"मामा, व्हायरस न्हाई. जात हाय तशी."

"हे बघ, तू हौसेनं लावलंस, मला कळतंय. पण पलीकडं माझं नवं रान फुलावर आलंय. हितनं माशी उडाली आन् तिकडं बसली तर सगळं रान जाईल. कोण भरून देणार?"

त्यांची भीती खोटी नव्हती. एका रोगट झाडाने रानंच्या रानं बसलेली मीही पाहिली आहेत. पण हे झाड रोगट नव्हतं! मी त्याला रात्रंदिवस चिकटून उभी होते, मला माहीत होतं. स्वप्नाला माहीत होतं. तिने एकदा नाही, दहादा सांगितलं. ऐकून घ्यायला कुणी तयार असेल तर ना.

भागुजींनी बुंध्याला हात घातला तेव्हा केशरबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अवं, राहू द्या. पौर्णिमेपर्यंत तरी राहू द्या."

"पौर्णिमेला काय व्हणार?"

"पिकंल."

"हे पिकतंय व्हय? बरं. बुद्धपौर्णिमेला पिकलं न्हाई तर मी काय कुणाचं ऐकणार न्हाई."

त्या दिवसापासून केशरबाई शेंगा फोडायच्या, लसूण सोलायच्या तर बादलीच्या शेजारी बसूनच. कुणी जवळ आलं की नुसतं वर बघायच्या. या घरात मला मनापासून आवडलेली स्वप्नानंतरची दुसरी बाई हीच. बोलणं कमी आणि राखण पक्की.

आणि पिकलं हो! पौर्णिमेच्या आधी आठवडाभर पहिल्या माळेचं टोकाचं फळ पिवळं झालं, मग केशरी, मग लाल. मागोमाग दुसरं, तिसरं. ऊन पडलं की अशी चमकायची ती फळं, की माझ्यासारख्या कोरड्या लाकडालाही बरं वाटायचं. स्वप्ना सकाळी तांब्या घेऊन यायची, पाणी घालायची आणि त्या फळाला बोट लावून बघायची.

पण खायची नाही.

"आत्या, पौर्णिमेला सगळ्यांनी मिळून खाऊ," ती म्हणाली. "पहिलं मामांना देऊ. प्रज्ञा बी येणार हाय, आई येणार हाय."

मी आतल्या आत ओरडत होते. अगं खा! तुलाच तोडून तोंडात घालायचं होतं ना? मग घाल की! कुणाची वाट बघतेस? ज्या माणसाने झाड उपटायला हात घातला, त्याला पहिलं फळ? पण या बायकांचं हे असंच. स्वतःसाठी म्हणून काही हातात आलं की आधी ताट मांडायला निघतात. मला तिचा राग आला होता. अजून येतो.

पौर्णिमेला दोन दिवस राहिले. संध्याकाळी रविंद्र रानातून परत आला, पाठीवर पंप. अंगणात थांबला, झाडाकडे बघितलं आणि हसला. मला वाटलं, चला, याला तरी कौतुक आहे. कौतुकच होतं हो! त्याच कौतुकापोटी त्याने पंपाची नळी हातात घेतली.

मला तो आवाज ओळखीचा आहे. आधी खरखर, मग फस्स. दुसऱ्याच क्षणी झाड भिजलं, लाल फळं भिजली, मी भिजले. तोच वास. राखेने घासून, उन्हात वाळवून घालवलेला वास, परत माझ्या अंगावर. मागच्या पानांपर्यंत पोचावं म्हणून त्याने झाड माझ्यापासून जरा बाजूला धरून सगळीकडे नीट मारलं. रविंद्र मन लावून काम करणारा मुलगा आहे.

स्वप्ना दिवा लावून बाहेर आली तेव्हा तिला वास आला. ती झाडाजवळ आली, पानाला बोट लावलं, बोट नाकाजवळ नेलं.

"अहो, हे काय केलं?"

"अगं, पंपात थोडं उरलं व्हतं. वाया घालवायचं कशाला? पानांवर नागअळीच्या रेघा दिसत व्हत्या." तो पंप उतरवत म्हणाला. "परवा तुझ्या माहेरची माणसं यायचीत. झाड कसं झ्याक दिसाया पायजे."

"मला इचारलं का न्हाई तुमी?"

"त्यात काय इचारायचं?"

"मी ते खायला लावलं व्हतं."

"खायला?" रविंद्र खरोखर गोंधळला. "अगं, ओट्यावर कॅरेट भरून पडलंय की टोमॅटोचं. खा की किती खायचं ते."

स्वप्ना पायरीवर बसली. रडली नाही, भांडली नाही. रविंद्र थोडा वेळ उभा राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो तिच्या शेजारी खालच्या पायरीवर बसला.

"मामांना सांगू नका," ती म्हणाली. "सणाच्या तोंडावर घरात वाद नको. कुणी इचारलं तर सांगू, अजून गोडी भरली न्हाई म्हणून. पौर्णिमा हू द्या, मग मी सगळं तोडून पुरते."

एवढं बोलून ती स्वयंपाकाला गेली. मी रात्रभर त्या वासात उभी होते.

पौर्णिमेला सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत विहारात जाऊन आले. घरावर पंचशील ध्वज लागला, आत खिरीचा वास सुटला. शिनोलीची माणसं आली, प्रज्ञा आली. खिरीचं बोलावणं होतं म्हणून गेणभाऊही आले. रविंद्र मांडवाखाली खुर्च्या लावत होता आणि स्वप्ना आत खीर ढवळत होती.

प्रज्ञा थेट आमच्याकडेच आली. "अगंबाई, लागले की! मामा, काय सुरेख आलेत हो टोमॅटो!"

"सुरेख कसलं," भागुजी म्हणाले. "पिकलं खरं, पण रोगट हाय ते. बारकंच राह्यलं बघ."

"मामा, चेरी टोमॅटो आहेत हे. एवढेच असतात. पुण्यात छोट्या डबीत घालून विकतात. लोक हौसेने नुसतेच खातात."

"असं व्हय?" भागुजींनी डोक्यावरची टोपी मागे सारली. "मंग आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

कुणी सांगितलंच नाही! घरच्या सुनेने घसा कोरडा होईपर्यंत सांगितलेलं हवेत गेलं, आणि पाहुणीने एकदा सांगितलं ते लगेच डोक्यात शिरलं. त्यावर गेणभाऊंची कडी. ते म्हणाले, "मी म्हणतच व्हतो राव, कायतरी येगळी जात दिसतीय."

केशरबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते खुर्ची शोधायला गेले.

भागुजी मात्र झाडाशीच थांबले. त्यांना ओशाळं वाटत होतं, ते मला दिसत होतं. पण कबूल करायचं म्हणजे कठीण. मग त्यांनी केलं काय, तर माळेतलं सगळ्यात लाल फळ तोडलं. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला पुसलं. "बघू तरी आमच्या सुनंची शेती," असं म्हणाले.

मी काय करणार होते? मला तोंड नाही, हात नाही. मला फक्त उभं राहता येतं. रविंद्रची पाठ आमच्याकडे होती, त्याला काही दिसलं नाही.

भागुजींनी फळ तोंडात टाकलं आणि दात मिटले. त्यांचा चेहरा मी कित्येक हंगाम पाहत आलेय. पाऊस लांबल्यावरचा पाहिलाय, भाव पडल्यावरचा पाहिलाय. पण असा कधी पाहिला नव्हता. डोळे बारीक झाले, भुवया वर गेल्या. पंगतीत पहिल्यांदा काही गोड वाढलं की लहान पोराचं होतं, तसं काहीसं.

आणि त्याच वेळी स्वप्ना खिरीच्या वाट्यांचं ताट घेऊन उंबऱ्यात आली.

"थुका!" ती ओरडली. "मामा, थुका आधी! परवाच मारलंय!"

रविंद्रच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. भागुजी वळले, मोरीशी जाऊन थुंकले. केशरबाईंनी तांब्या पुढे केला. त्यांनी चूळ भरली, परत भरली. पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यासमोर, पांढऱ्या सदऱ्यावर टोमॅटोचा लाल थेंब घेऊन ते उभे राहिले. आता आवाज चढणार, म्हणून सगळे वाट बघत होते.

त्यांनी तोंड पुसलं आणि सुनेकडे पाहिलं.

"गोड व्हतं गं," ते म्हणाले.

स्वप्नाने ताट खाली ठेवलं आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही. प्रज्ञा तिला धरायला धावली.

"आबा, मीच मारलं," रविंद्र खाली बघत म्हणाला. "पंपात उरलं व्हतं."

"तुला मीच शिकवलंय," भागुजी म्हणाले. "उरलेलं वाया घालवायचं न्हाई म्हणून."

ते खुर्चीत बसले. खिरीची वाटी कितीतरी वेळ त्यांच्या हातात तशीच होती.

पाहुणे गेल्यावर स्वप्नाने सगळ्या माळा तोडल्या, पिकलेल्या आणि हिरव्याही. घमेल्यात भरून गोठ्यामागे खड्डा करून पुरल्या. केशरबाईंनी माती लोटली. मग स्वप्नाने झाडाचं एकेक पान धुतलं आणि ओल्या फडक्याने मलाही वरपासून खालपर्यंत पुसलं. वास मात्र पूर्ण गेला नाही.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट मार्गी लागली. लागली, थोडीफार. पंप आता ओट्यावर नसतो, रविंद्रने तो विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेऊन ठेवलाय. आणि रानात औषध मारायचं असलं की भागुजी आधी बांधावर येऊन मोठ्याने ओरडतात, "स्वप्ना, झाकून घे गं!" मग ती हातातलं काम टाकून येते आणि जुनं धोतर आमच्यावर पांघरते. पंप बंद झाला तरी संध्याकाळपर्यंत काढत नाही. आत अंधार आणि उकाडा असतो, झाड आणि मी एकमेकांना टेकून असतो आणि बाहेर पंप चालू असतो.

पण वाऱ्याला कोण ओरडून सांगणार? दुसऱ्या बाजूचं रान गेणभाऊंचं. ते मारायच्या आधी कुणाला हाक देत नाहीत. वर कालच दुधाची किटली घेऊन आले आणि केशरबाईंना म्हणाले, "वहिनी, शेंड्याला जरा मावा दिसतोय. एखादं हलकं औषध मारून घ्या." अजूनही! त्यांनी लसणाची पाकळी सोलत सांगितलं, "गेणभाऊ, बादलीला हात लावला तर पुढल्या पौर्णिमेला खीर न्हाई." हसत हसत गेले. कळलं काही नाही.

आणि मी? रोजच्या पाण्याने माझं खालचं टोक परत कुजायला लागलंय. बादलीत मी जराशी कलले आहे. यावेळी छाटलं तर मी या झाडाला पुरायची नाही. झाड मात्र माझ्या डोक्यावरून वर गेलंय. शेंड्याकडे नवी फुलं आली, त्यांची माळ लागली, आणि त्या माळेतलं टोकाचं एक फळ आज सकाळी पिवळं पडलंय. स्वप्नाने ते पाहिलं. बोट लावलं. आणि मला जी भीती होती तेच झालं. ती सासूला म्हणाली, "आत्या, अजून दोनचार पिकू द्या. सगळ्यांना एकेक तरी यायला पायजे."

बाई गं, तुला हात जोडते. मला हात नाहीत, तरी जोडते. यावेळी कुणासाठी थांबू नकोस. पौर्णिमा नको, पाहुणे नकोत, मामा नकोत, एकेकाचा वाटा नको. वारा फिरायच्या आत, कुणाला तुझं कौतुक वाटायच्या आत, उभ्या उभ्या ते फळ तोड आणि तोंडात घाल. पुसूसुद्धा नकोस. तुझ्या दाताखाली ते फुटलेलं एवढं एकदा मला ऐकू दे. मग मला खुशाल चुलीत घाल.